कोणाच्या ओळखीने?

आबा,

आज सकाळी एका बापाने माझा फोन कट केला. पूर्णा गावाच्या ज्या पट्ट्यात तुमच्या लहानपणी भातखाचरं होती आणि तुमच्या उतारवयात दहा-वीस गोदामं उभी राहिली होती, तिथे आता नजर जाईल तिथवर गोदामंच आहेत. त्यातल्या एकात माणसं भरती करायचं काम मी करते. नोकरीच्या वेबसाइटवर लोकांनी आपापली माहिती टाकलेली असते, त्यातली आमच्या कामाची नावं निवडायची आणि एकेकाला फोन लावायचा. आज नारपोलीची एक मुलगी निघाली. बी.कॉम., टॅली, टायपिंग, सगळं नीट भरलेलं. फोन तिच्या वडिलांनी उचलला. मी माझं नाव सांगितलं, कंपनी सांगितली, इंटरव्ह्यूचं बोलले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते समदं खरं मॅडम, पन आमच्या वलखीचं कोन हाय तिथं?" मी म्हटलं, काका, ओळखीची गरज नाही, तिचा अर्ज बघूनच फोन केलाय. "वलख न्हाय तं पोरीला धाडू कशी?" म्हणाले, आणि फोन बंद.

मला इतका संताप आला की समोरचा चहा गार होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. त्या माणसाचा नाही, तुमचा. तो बिचारा कुठला कोण. पण आवाज, वाक्य, वाक्याच्या शेवटी असा पक्कं कुलूप लावल्यासारखा थांबण्याचा प्रकार, सगळं तुमचं होतं. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. ती मुलगी होती. "मॅडम, मघाशी पप्पांनी उचललेला. इंटरव्ह्यू किती वाजता आहे?" मी वेळ सांगितली, पत्ता सांगितला, आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "पप्पांचं काय?" तर म्हणते, "त्यांचं बघते मी. सर्टिफिकेट ओरिजिनल आणू का झेरॉक्स?" बस. एवढंच. आज शनिवार, ऑफिस अर्ध्या दिवसाचं. सगळे गेलेत आणि मी इंटरव्ह्यूच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे तुम्हाला लिहीत बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्याशी भांडायचं मात्र राहूनच गेलं.

तुम्ही मेहताजी. पॉवरलूमच्या कारखान्यात सेठच्या खालोखाल तुम्ही. हजेरी तुमच्याकडे, कापडाचे ताके मोजणं तुमच्याकडे आणि नव्या माणसाला कामावर घ्यायचं की नाही हेही तुमच्याकडे. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्या केबिनमध्ये येऊन बसायचे. केबिन कसली, लूमच्या वर लाकडी माळा, तीन बाजूंनी फळ्या आणि चौथ्या बाजूला जिना. खाली लूमचा असा खडखडाट की तिथे कोणी बोलत नसे, ओरडतच असे. तुम्ही घरी जेवतानासुद्धा ओरडूनच मीठ मागायचात, आई म्हणायची, हा काय कारखाना हाय का. तर त्या माळ्यावर नवा कारागीर यायचा तो कधी एकटा यायचा नाही. बरोबर त्याच्या गावचा, आधीपासून कामाला असलेला कोणीतरी असायचा. तुम्ही नव्या माणसाकडे बघायचाच नाहीत. जुन्याला विचारायचात, "किसका आदमी है?" तो म्हणायचा, "अपना है मेहताजी, चाचा का लडका है." झालं. त्या एका वाक्यावर माणूस दुसऱ्या दिवशी शिफ्टला उभा. तो चांगला निघाला तर नाव आणणाऱ्याचं आणि वाईट निघाला तर मान खाली आणणाऱ्याची.

एकदा एक माणूस एकटा आला होता. चाळिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीचं सर्टिफिकेट होतं ते, त्यावर शिक्का, सही, किती वर्षं काम केलं ते सगळं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. तुम्ही कागद हातात घेतलात, उलटसुलट बघितलात, त्याला बसायला सांगितलंत, चहा मागवलात. चहा पिऊन झाल्यावर त्याचा कागद त्याला परत दिलात. "भाई, ये कागज तो बोलता नहीं. कोई आदमी लेके आओ." त्याने कागद पुन्हा पिशवीत घातला, पिशवीची घडी घातली आणि जिना उतरला. मला वाटलं होतं तुम्ही किती चांगले, त्याला चहा पाजलात. आज त्या चहाचा राग येतो. चाळीस वर्षांच्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कामाच्या जोरावर उभं राहता येत नाही आणि वर त्याला तुमचा चहा गोड मानून घ्यावा लागतो, हा कुठला न्याय?

मी बी.कॉम. झाले तेव्हा तुम्ही मला रेक्झिनची फाइल आणलीत. चेनवाली, काळी, आत प्लास्टिकचे पारदर्शक कप्पे. दहावी, बारावी, टायपिंगच्या दोन परीक्षा, डिग्री, एकेक सर्टिफिकेट तुम्ही स्वतःच्या हाताने कप्प्यात सरकवलंत, कोपरा दुमडू नये म्हणून जीभ दाताखाली धरून. शेजारणीला बोलावून दाखवलंत. ते खरं होतं, आबा, तो आनंद नाटकी नव्हता, म्हणून तर पुढचं जास्त लागलं. त्या फाइलवर माझा इतका विश्वास बसला की मी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं, पेपरातल्या छोट्या जाहिराती कापून अर्ज पाठवले, ठाण्याला एका कन्सल्टन्सीत नाव नोंदवून आले. त्यांनी नाव नोंदवायचे पैसे घेतले आणि पुढच्या महिन्यात त्या दारावर शिकवणीवर्गाची पाटी लागलेली होती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड तर अजून कपाटात आहे, कोणी बोलावलं तर जाईन म्हणते.

मग मैत्रिणीने नोकरीच्या वेबसाइटचं सांगितलं. त्या वर्षांत मोबाइल सेठलोकांकडेच होते आणि संगणक म्हणजे कल्याण नाक्याजवळचा सायबर कॅफे, प्रत्येक संगणकाला प्लायवूडचा आडोसा, आत कोण काय बघतोय ते न पाहिलेलं बरं. मी मैत्रिणीला घेऊन जायचे. तो फॉर्म भरताना मला जे वाटलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. नाव, शिक्षण, काय येतं, काय करायचं आहे. कोणाची मुलगी हे कुठे विचारलंच नव्हतं. कुठल्या गावची हे विचारलं होतं, पण शहरांच्या यादीत आपली भिवंडी नव्हती. देशभरातल्या शहरांची यादी होती, एवढं कापड विणून घालणारी भिवंडी तेवढी नव्हती. त्याचा राग आला. पण रागातच मी ठाणे निवडलं आणि बटण दाबलं. आपल्या नावावर, आपल्या गुणांवर, कोणालाही मध्ये न घालता, एक नोकरी मला हवी होती. आबा, मला दुसरं काही नको होतं.

फोन नंबर मात्र तुमचाच द्यावा लागला. घरी फोन नव्हता. कारखान्याचा नंबर घातला आणि तुम्हाला सांगून ठेवलं की माझ्या नोकरीसाठी फोन येईल, निरोप घ्या, नंबर लिहून ठेवा. तुम्ही हो म्हणालात.

फोन आला. ते बोलणं मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. तिकडून ती बाई काय म्हणत होती ते मला ठाऊक नाही, पण तुम्ही एक बोट कानात घालून लूमच्या वरताण ओरडत होतात. "हां, बापूस बोलतो तिचा. तुमी कोन? ... अंधेरी? अंधेरीला कुठं? ... ते झालं, पन नंबर कोनी दिला तुमाला? ... कम्प्युटरमधून? अवो मॅडम, कम्प्युटर का आपनहून देतो? दिला कोनी? ... बरं, मालक कोन तुमचा? ... म्हंजे? मालक न्हाय तं पगार कोन देतो? ... तुमचं गाव कुठलं? ... आपल्याकडचं कोन हाय का तिथं कामाला? भिवंडीचं, कल्यानचं, कोनबी? ... गाडी ठान्याशी येनार? आन ठान्यापरत?" मग थोडा वेळ तुम्ही ऐकत राहिलात. मग म्हणालात, "न्हाय जमायचं. पोरगी नोकरी न्हाय करनार. तिचं नाव काढून टाका तुमच्यातून." आणि रिसीव्हर जागेवर.

ती कंपनी माझा इंटरव्ह्यू घ्यायला निघाली होती, आणि तुम्ही कंपनीचाच इंटरव्ह्यू घेऊन तिला नापास केलंत! तुमच्याकडे आलेल्या त्या गिरणीवाल्याला जे विचारलंत तेच तुम्ही अंधेरीच्या मॅडमना विचारलंत. कोणाचा माणूस, गाव कुठलं, कोण ओळखतं. त्यांना निदान चहा तरी पाजायचा होता. मी हे कोणाला सांगितलं की लोक हसतात. मीही हसते. तुमच्या शेजारी उभे असलेले जॉबर चाचा, लूम दुरुस्त करणारे, ज्यांनी तुमच्याबरोबर वीस वर्षं काढली, ते म्हणाले होते, "मेहताजी, बिटिया से एक बार पूछ तो लेते." तुम्ही म्हणालात, "उसको क्या समझता है चाचा. कल की लडकी." फाइलमध्ये पाच सर्टिफिकेटं घालून देणारा माणूस म्हणतो, तिला काय कळतं.

त्या संध्याकाळी तुम्ही घरी आलात, हातपाय धुतलेत, भात-कालवण जेवलात. मी वाढता वाढता विचारलं, "आज कोणाचा फोन आला होता का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "न्हाय." आयुष्यात तुम्ही माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवतं ते एवढंच. आईने तुमच्या ताटात आणखी भात घातला, तुम्ही पुरे म्हणाला नाहीत, आणि विषय संपला.

पुढच्याच महिन्यात तुम्ही नोकरी आणलीत. तुमच्या सेठच्या मित्राचं पूर्णा गावात गोदाम होतं, तिथे कोणी संगणकावर बसणारं हवं होतं. मला तुम्ही स्कूटरवरून घेऊन गेलात. मी फाइल मांडीवर घेऊन बसले. गोदामाच्या सेठने तुम्हाला विचारलं, तब्येत कशी, तुमचा सेठ कसा आहे, पोरगी किती शिकली, लग्नाचं काय. उत्तरं तुम्ही दिलीत. मी फाइलच्या चेनला हात लावला तेव्हा तो हसून म्हणाला, "अरे रहने दो बेटा. मेहताजी की लडकी है, उसमें देखना क्या?" तुमची छाती केवढी फुगली होती. ती चेन उघडलीच नाही. घरी येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "बघ बाय, याला म्हनतात नोकरी."

तिथे मी साडेचार वर्षं काढली. तिथे माझं नाव कोणाला माहीत नव्हतं, मी मेहताजींची मुलगी होते. बस चुकून उशीर झाला तर मला कोणी विचारायचं नाही, कारखान्यात तुम्हाला फोन जायचा. दुसऱ्यांचा पगार वाढला की मला सांगायचे, तुझं घरचंच आहे. आणि त्या गोदामात बायकांसाठी संडास नव्हता, आबा. आम्ही तिघी होतो. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही, फारच झालं तर गावातल्या एका म्हातारीच्या घरी जायचं, तिला शेवटी आमचा कंटाळा आला. दीड वर्ष असं काढून मी एक अर्ज लिहिला, तिघींच्या सह्यांचा, नम्र विनंती वगैरे सगळं घालून, आणि मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. अर्ज सेठपर्यंत पोचायच्या आत तो तुमच्यापर्यंत पोचला होता.

तुम्ही त्या दिवशी कपडेही न बदलता स्वयंपाकघरात आलात. आई भाकरी थापत होती. तुम्ही ओरडला नाहीत, ओरडणं तुमचं रोजचं होतं, त्याची सवय होती. तुम्ही हळू बोललात. "बाय, मी शब्द दिलाय तिथं. वलखीच्या मानसाला कोन लिहून तक्रार देतं का?" मी म्हटलं, तक्रार नाही, संडास मागितला. "मना सांगायचं. मी बोललो असतो." मी म्हटलं, तुम्हाला काय सांगायचं, की मला दिवसभर पाणी पिता येत नाही? तुम्ही खाली बघत राहिलात. मग म्हणालात, "उद्या तो कागद परत घे. माजी मान जाईल." आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, ती करपली, तीच मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी तो अर्ज परत घेतला. त्या दोघींच्या तोंडाकडे बघता आलं नाही. तुमची मान राहावी म्हणून तीन बायकांनी आणखी तीन वर्षं पाणी प्यायलं नाही, हे मी तुम्हाला तेव्हा तोंडावर सांगायला हवं होतं. आता सांगते.

तुम्ही गेलात आणि सव्वा महिन्याने मी राजीनामा दिला. लोकांना वाटलं दुःखाने. खरं तर माझ्या जाण्याने मोडेल असा कोणाचा शब्द आता तिथे उरला नव्हता, म्हणून. पुन्हा सायबर कॅफेत गेले, तोपर्यंत प्लायवूडचे आडोसे गेले होते, तोच फॉर्म पुन्हा भरला, या वेळी स्वतःचा मोबाइल नंबर घातला. दोन फोन आले, एका ठिकाणी नापास झाले, दुसऱ्या ठिकाणी पास. मग आणखी दोन नोकऱ्या बदलून इथे आले. इथे बायकांचा संडास आहे, मी येण्याआधीपासून होता, तरी रुजू झाले त्या दिवशी पहिल्यांदा तोच बघून आले.

आणि सर्वात जास्त संताप कशाचा येतो सांगू? इथे एवढी मोठी कंपनी, भिंतीवर काचा, दाराला कार्ड दाखवायचं, आणि आमच्याकडे एक योजना आहे. कामावर असलेल्याने आपल्या ओळखीचा माणूस आणला आणि तो सहा महिने टिकला, तर आणणाऱ्याला बक्षीस. वरून सांगणं आहे की आधी ओळखीचे बघा, मग वेबसाइट. त्याला इंग्रजीत छान नाव आहे. तुम्ही माळ्यावर बसून तेच करत होतात, बक्षीस न देता. पहिल्यांदा ते परिपत्रक वाचलं तेव्हा मी टेबलावर हात आपटला, शेजारचा दचकला. म्हणजे तुमचं बरोबर होतं? मी मानायला तयार नाही. ज्याला आणणारा कोणी नाही त्याने काय पिशवीची घडी घालून जिना उतरत राहायचं? म्हणून मी रोज सकाळी आधी वेबसाइटवरची, ज्यांचं कोणी नाही अशांची नावं घेते, मग ओळखीची. साहेबांना हे माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच एवढं घडाघडा लिहिता आलं. आता एक राहिलं. फोनवर तुम्ही काय बोललात ते मला चाचांनी सांगितलं नाही, आबा. त्या दिवशी आईने डबा घेऊन मला पाठवलं होतं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते, तुमची पाठ माझ्याकडे होती. मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं की मला अस्खलित इंग्रजी बोलता येतं. कॅफेवाला म्हणाला, सगळेच लिहितात. ती बाई इंग्रजीत बोलेल, तुमच्यासमोर, चाचांसमोर, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही ऐकत थांबलात ना, तेव्हा चाचांनी मला पाहिलं. तुमच्या खांद्याला हात लावून सांगायला त्यांनी हात उचलला, की बिटिया आली आहे, तिच्याकडे द्या.

मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. नको.